पेटीवरचं नाव

आमच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर एक काळी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जुन्या गोधड्या आहेत, एका मोदकपात्राचं झाकण आहे आणि आता कुणालाच न होणारे माझे दोन खाकी शर्ट आहेत. सूनबाई दर दिवाळीला ती भंगारवाल्याला द्यायला काढते आणि दर दिवाळीला मी ती परत वर ठेवायला लावतो. "आहे काय एवढं त्या पेटीत, बाबा?" ती विचारते. पेटीत काही नाही. झाकणावर एक नाव असायला हवं होतं, ते नाही, एवढंच. ते नाव ज्यांनी घालायचं होतं त्या तुस्कानो सरांबद्दल मला लिहायचं आहे.

इनास तुस्कानो हे नंदाखालचे. वसईच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत आणि एनसीसीचे ऑफिसर होते. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं ती. केळी-भाजीच्या वाड्यांमधली, मिठागरांवरची, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली आम्ही पोरं. कुणी नाश्त्याच्या पुरी-भाजीसाठी एनसीसीत येत असे, कुणी खाकी कपडे फुकट मिळतात म्हणून. मी पुरी-भाजीवाला. सरांना हे ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. "पोटावरून का होईना, आला ना," म्हणायचे.

सरांची उंची बेताची, रंग उन्हाने रापलेला, आणि पाय असे की पाहत राहावं. जन्मभर वाडीत अनवाणी वावरल्यामुळे बोटं फाकलेली, पंजा पुढे रुंद झालेला. सरकारी बुटात तो पंजा काही केल्या मावत नसे, म्हणून दोन्ही बुटांना करंगळीच्या बाजूला त्यांनी ब्लेडने चीर दिली होती. वरून पॉलिश इतकं लखलखीत की ती चीर लांबून दिसायची नाही. एकदा तपासणीला आलेल्या कर्नलसाहेबांनी मात्र ती हेरली आणि हे काय म्हणून विचारलं. "माझा पाय आधी वाडीत भरती झालाय, सर," असं सर इंग्रजीतून म्हणाले. कर्नलसाहेब हसले आणि पुढे गेले. सर हसले नाहीत. ते विनोद करत नव्हते.

परेड रविवारी सकाळी साडेसातला. सर त्याआधी पहाटे केळींना पाणी सोडत, मग चर्चमध्ये पहिल्या मिस्साला जात, आणि तिथून सायकलवर निर्मळवरून थेट वसईला येत. टोपीला घाम लागू नये म्हणून ती धुतलेल्या पिठाच्या पिशवीत घालून हॅंडलला लटकवलेली. खिशात केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली दोन-चार सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी. परेडमध्ये कुणाला चक्कर आली की त्याला सावलीत बसवून त्याच्या हातावर एक सुकेळं ठेवत आणि ते खाऊन होईपर्यंत शेजारी उभे राहत. आमच्यातल्या काही हुशारांना त्यामुळे जरा जास्तच चक्कर यायची. मलाही दोनदा आली. तिसऱ्या वेळी सर कानाशी येऊन म्हणाले, "चक्कर आली की तोंड पांढरं पडतं. तुझं लाल आहे. चल, ऊठ."

त्यांनी कुणाला शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. "ठीक" म्हणत. पण या ठीकमध्ये दोन प्रकार होते. एक तोंडाने म्हटलेला आणि एक मान किंचित खाली घालून म्हटलेला. दुसरा ठीक तीन वर्षांत एकदा मिळाला तरी पोरगा आठवडाभर छाती काढून चालायचा. रागावले की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. अगदीच ऐकू येईनासा झाला की समजायचं, आता खैर नाही. पाय आपटत चालणाऱ्याला म्हणायचे, "जमिनीवर राग काढू नको. पाय ठेव. नीट ठेव."

पण सरांचं खरं काम परेड संपल्यावर सुरू व्हायचं. दर वर्षी एक-दोन पोरं हेरून ते त्यांना सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेला बसवत. इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून घेत, नकाशे काढायला लावत, कोणत्याही विषयावर तीन मिनिटं बोलायला उभं करत. लेखी परीक्षा, मग भोपाळला पाच दिवसांची मुलाखत, मग डॉक्टरी तपासणी. हे सगळं पार पडलं तरी आमच्याकडे एक अडसर उरायचा, तो म्हणजे घर. वडिलांनी एका कागदावर सही करायची असायची. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली किंवा त्याचा जीव गेला तर सरकारकडे भरपाई मागणार नाही, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. मुलगा एम.ए. झाला तर गावभर सांगणारे बाप त्या एका ओळीपाशी बसकण मारत.

तिथे सर जात. जात म्हणजे समजूत घालायला नव्हे. ते त्या घरी जाऊन बापाबरोबर काम करत. बाप वाडीत असेल तर पॅंट दुमडून वाडीत उतरत, पाण्याचे पाट मोकळे करत, केळीची जादा पिलं काढत. तासभर, दोन तास, एक शब्द न बोलता. बापच कधीतरी थांबून विचारायचा, सर, तुम्ही आलात कशाला? मग सर खिशातून कागद काढून इंग्रजीतला मजकूर मराठीत वाचून दाखवत. ती भरपाईची ओळ आली की थांबत आणि मुद्दाम दुसऱ्यांदा वाचत. "ही ओळ नीट ऐका. नंतर मला म्हणू नका." आम्हाला हा वेडेपणा वाटायचा. ती ओळ पटकन उरकावी की नाही? सर म्हणायचे, "जी ओळ उरकावीशी वाटते तीच दोनदा वाचायची."

माझ्या वडिलांची सही त्यांनी अशीच मिळवली. आमची बोळिंजला लहानशी वाडी होती. तिथे आता आमच्यासकट चार इमारती उभ्या आहेत. सरांनी वडिलांबरोबर वांग्यांना पाणी घातलं आणि वडिलांनी भोपाळचं पत्र यायच्याही आधी सही केली. वर त्यांनी उत्साहाने ही काळी पेटी आणली. कारण सरांची दुसरी एक रीत होती. निवड झालेल्या पोराची पेटी ते स्वतः रंगवत. म्हणजे झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, इंग्रजीत, पोराचं नाव घालत. अक्षर छापल्यासारखं. एक अक्षर जरी ओळीखाली उतरलं तरी रॉकेलच्या बोळ्याने अख्खं नाव पुसून पुन्हा पहिल्यापासून. माझी पेटी घेऊन वडील नंदाखालला गेले तेव्हा सर म्हणाले, "आधी त्याला जाऊन येऊ द्या." मी गेलो आणि पाचव्या दिवशी नापास होऊन परत निघालो. मुलाखतीत साहेबांनी मला विचारलं होतं, सैन्यात कशासाठी यायचंय, आणि मला सरांचा चेहरा सोडून दुसरं कारण आठवेना. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोललास. ठीक." मान किंचित खाली घालून म्हणाले. पेटी तशीच राहिली.

हरेश्वर म्हात्रे माझ्या वर्गातला. खाडीकाठच्या मिठागरावरच्या जोमा म्हात्रेंचा थोरला मुलगा. काळासावळा, काटक, कमी बोलणारा, आणि आमच्या तुकडीतला सर्वांत वरचा कॅडेट, म्हणजे अंडर ऑफिसर. सरांचा जीव त्याच्यावर होता, हे ते कधी बोलले नाहीत आणि कधी लपलंही नाही.

त्याची एक गोष्ट सांगतो. हिवाळी कॅम्पमध्ये नकाशावरून वाट काढायची शर्यत होती. सात-आठ कॉलेजांचे गट, हातात नकाशा आणि होकायंत्र, टेकडीपलीकडच्या देवळापाशी पोहोचायचं. आमचा पुढारी हरेश्वर. नकाशावर सरळ वाट होती, पण प्रत्यक्षात तिथे कुणीतरी नुकतेच कांद्याचे वाफे लावले होते. ओले, हिरवी टोकं जेमतेम वर आलेली. हरेश्वर बांधावर थांबला आणि हाताने खूण करून आम्हा सगळ्यांना लांबच्या बांधावरून एकामागे एक फिरवून घेऊन गेला. आमच्यात कुणी चकार शब्द काढला नाही. वाफ्यात पाय घालायचा नसतो, हे आम्हाला चालायला लागल्यापासून ठाऊक, आणि हरेश्वरला तर जास्तच. मिठाच्या तयार वाफ्यात एक पाऊल उमटलं तरी त्याचे वडील तो वाफा मोडून पुन्हा चोपत. आम्ही शेवटचे पोहोचलो. बाकीचे गट वाफे तुडवून केव्हाच आले होते. सुभेदारांनी सगळ्यांसमोर हरेश्वरला झापलं, "लड़ाई में भी प्याज़ बचाओगे?" तो सावधान उभा राहिला. सर बाजूला होते. परत येताना ते आमच्याबरोबर त्या शेतापाशी थांबले, चिखलात उमटलेले बुटांचे ठसे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शेवटचे आलात हे चुकलंच. पण पहिले आला असतात तर तुमचं तोंड पाहिलं नसतं मी." मग खाली बसून दोन वाफे हाताने सारखे केले. आम्हीही बसलो. त्या शेतकऱ्याला हे कधी कळलंही नसेल.

हरेश्वरची निवड झाली. जोमा सही करीना. मिठाचा हंगाम ऐन भरात होता आणि हाताशी आलेला मुलगा जाणार होता. सर सलग तीन रविवार परेडनंतर त्या मिठागरावर गेले. बूट काढून वाफ्यात उतरले आणि जोमाबरोबर लाकडी फावड्याने मीठ ओढत राहिले. वाडीचे पाय मिठाला सरावलेले नसतात. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, सोमवारी वर्गात सर चपला घालून आले. तिसऱ्या रविवारी जोमाने फावडं टेकून विचारलं, "मास्तर, तुमी येता कशाला?" सरांनी कागद वाचला. ती ओळ दोनदा वाचली. मी तिथेच होतो. जोमाने खाडीकडे पाहिलं, मग शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

हरेश्वरच्या पेटीवरचं नाव सरांनी दोनदा पुसलं आणि तिसऱ्यांदा मनासारखं आलं. दीड-पावणेदोन वर्षांनी तो लेफ्टनंट झाला. त्यानंतर दर वर्षी पावसाळ्याआधी जोमाकडून नंदाखालला जाड्या मिठाचं एक पोतं यायचं, सरांच्या नारळांच्या आळ्यात घालायला. सरांच्या वाडीतून केळीचा एक घड मिठागरावर जायचा. दोन्ही घरांत कुणी कुणाशी फारसं बोललं असेल असं मला वाटत नाही.

सर स्वतः सैन्यात का गेले नाहीत हे आम्ही त्यांना विचारायची छाती केली नाही. मला ते त्यांच्या पत्नीकडून कळलं. सेलीन टीचर तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत. मी तोवर आगाशीच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि शाळेच्या पोरांची एनसीसी चालवत होतो, त्यामुळे दर शनिवारी सरांकडे जाणं असे. एकदा सर वाडीत असताना टीचरनी बायबलमधून घडीवर घडी पडलेला एक पिवळा कागद काढून दाखवला. चीनच्या लढाईनंतर तरुण अधिकारी हवे होते तेव्हा सरांची निवड झाली होती. त्यांच्या वडिलांनी कागद घेतला, बघतो म्हणाले, आणि आढ्याला खोचून ठेवला. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. एकुलता एक मुलगा, रहाटाचा बैल थकलेला, वाडीला पाणी कोण देणार? जायची तारीख निघून गेली. वडील वारल्यावर कौलं चाळताना तो कागद सरांना आढ्यात सापडला. "फाडायला सांगितला तर फाडत नाही," टीचर म्हणाल्या. "वडिलांवर रागही धरत नाही. धरला असता तर बरं झालं असतं."

हरेश्वर गेला तेव्हा तो कॅप्टन झालेला होता. उत्तरेत एका उंच ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळला. तारेत दोन ओळी होत्या. अंत्यसंस्कार तिकडेच झाले.

तार आल्याच्या दुसऱ्या दिवशी सर आणि मी मिठागरावर गेलो. घरापुढे माणसं बसली होती. जोमा ओट्याच्या कडेला एकटाच होता. सर त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांना एकच गोष्ट येत होती ती ते करायला गेले. पॅंट दुमडली, बूट काढले, भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि वाफ्याकडे वळले. जोमा उठला. त्याने सरांच्या हातातून फावडं काढून घेतलं आणि परत भिंतीला लावलं.

"नको मास्तर," तो म्हणाला. "आता नको."

सर तसेच अनवाणी उभे राहिले. मग बूट हातात घेऊन चालू लागले. रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी ते पायात घातले नाहीत.

महिन्याभराने हरेश्वरची पेटी रेल्वेने वसईला आली. कागदपत्रं इंग्रजीत, म्हणून सरांना बोलावणं आलं. पार्सल ऑफिसात मी बरोबर होतो. पेटीचे कोपरे चेमटले होते, पण नाव जसंच्या तसं होतं. सरांनी रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली, कागदांवर सह्या केल्या आणि मला म्हणाले, "तू पोचव. मी येत नाही. त्यांना मी दिसायला नको."

त्यानंतर सर परेड घेत, पेपर सोडवून घेत, पण कुणाच्याही घरी गेले नाहीत. "सही तुमची तुम्ही आणा," एवढंच म्हणत. जी पोरं आणू शकली नाहीत ती राहिली. मिठाचं पोतं येणं थांबलं. खिशातली सुकेळी मात्र थांबली नाहीत.

आणि दीड वर्षाने त्यांच्याच मुलाने कागद आणला. ऑस्वाल्ड सरांचा एकुलता एक. वडिलांच्या कॉलेजात शिकला, वडिलांच्याच हाताखाली परेड केली, आणि परीक्षेला बसतोय हे त्याने घरी सांगितलं होतं. पण तो भोपाळहून निवड होऊन येईल असं सरांनी धरलं नसावं. त्याने कागद वडिलांसमोर टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "बघतो."

तीन आठवड्यांनी ऑस्वाल्डने डेहराडूनला हजर व्हायचं होतं. त्यातले नऊ दिवस गेले. मी शनिवारी गेलो तर कागद टेबलावर नव्हता. टीचर मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून म्हणाल्या, "बायबलमध्ये ठेवलाय. त्या जुन्या कागदाशेजारी." मग सर पडवीत आहेत हे ठाऊक असूनही आवाज खाली न घेता म्हणाल्या, "मला विचाराल तर मला तो जायला नकोच आहे. मी आई आहे. पण मी त्यांना सांगितलंय, सही करा नाही तर फाडून टाका. आढ्याला खोचू नका." ऑस्वाल्ड विहिरीपाशी पंपाचा पट्टा बसवत होता. तोही वर बघत नव्हता. नऊ दिवसांत बापलेकांत पाण्याची पाळी आणि जेवण यापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

त्या आठवड्यात मला होळीच्या बाजारात जोमा भेटला. त्याने सरांची चौकशी केली आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगितल्यावर मला वाटलं, याला कशाला सांगितलं? ज्याचा मुलगा गेला त्याच्याजवळ दुसऱ्याच्या मुलाची काळजी काय सांगायची? जोमा पिशवी उचलून चालायला लागला.

दोन दिवसांनी सकाळी मी नंदाखालला होतो. कॅम्पच्या याद्या करायच्या होत्या, पण सरांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात आवाराच्या फाटकाशी सायकल थांबली. मागच्या कॅरिअरवर मिठाचं पोतं. जोमाने ते खांद्यावर घेतलं, आत आणलं, माडाच्या बुंध्याशी ठेवलं. आम्हा दोघांकडे पाहून मान हलवली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि केळीच्या रांगेत शिरला. मिठागरावरचा माणूस, केळीचं त्याला काय कळणार? पण तो आळी मोकळी करत राहिला, पाट साफ करत राहिला. सर पडवीत उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला तिथे थांबावंसं वाटेना आणि जाताही येईना. थोड्या वेळाने तेही चपला काढून खाली उतरले आणि शेजारच्या रांगेत काम करू लागले. तासभर झाला असेल. विहिरीपाशी ऑस्वाल्ड हातातलं काम सोडून उभा होता.

शेवटी सरांनी कुदळ टेकली. "जोमा, तुम्ही आलात कशाला?"

"कागद वाचून दाखवा," जोमा म्हणाला. "तुमचे पोराचा. मना वाचता येत नाय."

"तुम्हाला काय तोंड दाखवणार मी? त्या दिवशी तुम्ही फावडं काढून घेतलंत माझ्या हातातून."

जोमा सरांकडे बघत राहिला. सर कशाबद्दल बोलताहेत हे त्याला आधी कळलंच नाही.

"सुतक व्हता मास्तर," तो म्हणाला. "सुतकात आमी आगरात हात घालत नाय. हत्यार पन उचलत नाय. म्हनून बोललो, आता नको. तुमाला काय वाटला?"

सर केळीच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. आणि मी? मला ते ठाऊक होतं. त्या दिवशी फावडं काढून घेतलं तेव्हाच मला कळलं होतं का काढून घेतलं ते. आमच्याकडेही सुतकात वाडीतलं काम बंदच असतं. सरांच्या ख्रिस्ती घरात सुतक नसतं, तरी त्यांनाही कळलं असेल असं मी धरून चाललो, आणि दीड वर्ष त्यांच्या शेजारी बसून याद्या करत राहिलो. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

"मला वाटलं, मी तुमचा मुलगा नेला," सर म्हणाले.

"तुमी नेला नाय. तुमी ती ओळ मना दोनदा वाचून दाखवली. मी दोनदा आयकली. मंग अंगठा लावला. अंगठा माजा व्हता." जोमाने अंगठा पुढे धरला. "माजा पोर माज्या अंगठ्यानं गेला. तो तुमचा करू नका. तवढाच माज्याकडे हाय."

टीचरनी कागद आणून दिला. सर तिथेच बांधावर बसले आणि मराठीत वाचू लागले. शेतात काम करणाऱ्या बापांना वाचून दाखवत तसंच, सावकाश. ती ओळ आली. त्यांनी वाचली आणि थांबले.

"परत वाचा," जोमा म्हणाला.

सरांनी परत वाचली. या वेळी आवाज इतका उतरला की विहिरीपर्यंत काही ऐकू गेलं नसतं. पण ऑस्वाल्ड तोवर जवळ येऊन उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "ऐकलंस?" ऑस्वाल्ड हो म्हणाला. सरांनी खिशातलं पेन काढून गुडघ्यावर कागद धरला आणि सही केली. टीचर घरात निघून गेल्या. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मग त्या सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आल्या. डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी पहिला कप जोमाला दिला.

सर त्यानंतर चार-पाच वर्षं होते. पुन्हा पोरांच्या घरी जाऊ लागले, वाड्यांत उतरू लागले. ऑस्वाल्ड पुढे कर्नल होऊन निवृत्त झाला. सरांना त्याचे लेफ्टनंटचे तारे तेवढे पाहायला मिळाले. पण सर आठवले की मला आठवते ती त्या आठवड्यातली शनिवारची सकाळ, ऑस्वाल्ड निघायच्या आदल्या दिवसाची.

मी आवारात शिरलो तर माडाखाली पेटी मांडलेली. नवीन, काळी. सर पाटावर बसून नाव घालत होते. पत्रा पातळ होता, दाबला की हलायचा, म्हणून समोर जोमा उकिडवा बसून दोन्ही हातांनी पेटी धरून होता. बाजूला रॉकेलचा बोळा तयार होता. शेवटून दुसरं अक्षर ओळीखाली उतरलं, चांगलं बोटभर. मला वाटलं, आता सगळं पुसणार.

सर मागे सरून बघत राहिले. "वाकडं झालं," म्हणाले.

जोमाने मान तिरकी करून त्याला न वाचता येणारं ते नाव पाहिलं. "वाचनाऱ्याला समजल ना कोनाचा पोर ते?"

"समजेल."

"मंग ऱ्हाऊ द्या."

सरांनी ब्रश डब्यात ठेवला. बोळ्याला हात लावला नाही. मान किंचित खाली घालून म्हणाले, "ठीक." जोमाने रंग वाळेपर्यंत पेटी सोडली नाही.